"तिचा बिचारीचा काय दोष?" असं म्हणूनही तिला बोलावत का नाहीत?

नवऱ्याला अटक झाली, अफरातफरीत नाव आलं, पेपरात फोटो छापून आला, की नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "तिचा बिचारीचा काय दोष?" मामा म्हणतो, मावशी म्हणते, चुलत जाऊ म्हणते. यात ढोंग नसतं, लोक मनापासून बोलत असतात. मग दोन-तीन महिन्यांनी घरात कुणाचा तरी साखरपुडा ठरतो, आणि तिला निरोप जात नाही.

माझ्या पीएचडीचा विषय तुरुंगाबाहेर राहिलेली कुटुंबं हा आहे. विषय सांगितला की समोरचा म्हणतो, "यात संशोधन कसलं करायचं? लोक बदनामीला घाबरतात, संपलं." पण तेवढ्याने संपत नाही. कारण कोडं वेगळंच आहे. लोक तिला दोषी मानून टाळत असते तर समजायला सोपं होतं. इथे तर सगळे तिला निर्दोष मानतात आणि तरीही टाळतात. दोष नाही पण शिक्षा आहे, हे जमतं कसं? समाजशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. त्यातलं मला जे कामाचं वाटतं ते या लेखात मांडते.

सुरुवात अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञापासून करावी लागते. १९६३ साली आलेल्या त्याच्या 'स्टिग्मा' या पुस्तकात कलंक असलेल्या माणसांबरोबरच त्यांच्याशी जोडलेल्या माणसांचाही विचार आहे. मनोरुग्णाची बायको, सुटून आलेल्या कैद्याची मुलगी, इतकंच काय, फाशी देणाऱ्या जल्लादाचं कुटुंब. यांनी स्वतः काहीच केलेलं नसतं, पण समाज त्यांना त्या माणसाबरोबर एकाच हिशेबात धरतो. याला त्याने 'कर्टसी स्टिग्मा' म्हटलं. मराठीत मी त्याला 'उसना कलंक' म्हणते. जल्लादाचं उदाहरण मला विशेष आवडतं, कारण जल्लाद तर सरकारी कामच करतो. तिथे गुन्ह्याचा संबंधच नाही, तरी घरच्यांपर्यंत काहीतरी पोचतंच.

गॉफमनचं पुढचं निरीक्षण मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि आपल्या कोड्याचं उत्तर तिथेच आहे. हा कलंक पाण्यातल्या तरंगासारखा पसरतो, दर पायरीला थोडा फिका होत जातो. कलंक असा पसरतो म्हणूनच लोक ती नाती टाळतात किंवा तोडतात. म्हणजे मामा भाचीला टाळतो तेव्हा ती वाईट आहे असं त्याला वाटत नसतं. तिच्यानंतरची पायरी आपली आहे, हे त्याला दिसत असतं. त्याच्या घरात लग्नाची मुलगी असते. स्थळ बघायला आलेले पाहुणे चौकशी करणार, सोयरीक जुळवणारा मध्यस्थ विचारणार, "ते अमुक अमुक तुमचे कोण लागतात हो?" या प्रश्नाला "कोणी नाही, आमचं येणंजाणं नाही" असं उत्तर देता यावं म्हणून येणंजाणं बंद होतं.

म्हणून "तिचा काय दोष" आणि "तिला बोलवायला नको" ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून सहज निघतात. पहिलं तिच्याविषयी असतं. दुसरं स्वतःच्या मुलीविषयी.

आता हे इंग्रजी पुस्तकातलं झालं. आपल्याकडे याचं इतकं उघड उदाहरण आहे की गॉफमनला कळलं असतं तर त्याने ते पहिल्या पानावर घेतलं असतं. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. या गोदूबाई म्हणजे पुढे बाया कर्वे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. त्या काळच्या ब्राह्मण समाजात विधवेशी लग्न हाच कलंक. कर्व्यांच्या मुरूड गावात सभा भरली आणि ठराव झाले. ज्या बैठकीत कर्वे असतील तिथे कुणी बसायचं नाही, आणि भावाने त्यांना घरात ठेवून घेतलं तर त्या घरावरही बहिष्कार. 

हा दुसरा ठराव नीट बघा. कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. मुरूडच्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं तरी त्यांचा पगार थांबणार नव्हता. गावाच्या हातात त्यांना दुखावण्याची एकच जागा होती, ती म्हणजे गावात राहिलेली आई आणि भाऊ. शिक्षेचा धाक त्यांना दाखवला गेला आणि दार बंद करण्याचं काम त्यांच्याकडून करून घेतलं. बहिष्काराचं यंत्र असंच चालतं. गावाला फार काही करावं लागत नाही. पुढच्या पायरीवरच्या माणसाला भीती दाखवली की घरचेच काम पुरं करतात.

त्याच सुमाराचं दुसरं प्रकरण पुण्यातलं, पंचहौद मिशनच्या चहाचं. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनच्या आवारात काही प्रतिष्ठित पुणेकरांना चहा दिला गेला, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नावं छापून आली आणि ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर चिडली. रानडे नमले, असंच आपण शाळेत शिकतो. पण त्यांना स्वतःला बहिष्काराचा फारसा त्रास नव्हता. त्रास चहा प्यालेल्यांच्या घरच्यांना होता, कारण धर्मकार्याला भटजी मिळेनात आणि नातेवाइकांचं येणंजाणं अडलं. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' या १९१० च्या पुस्तकात या काळातली घरातली बाजू वाचायला मिळते. चहा कपभर, तोही पुरुषांनी घेतलेला. निस्तरावं लागलं ते स्वयंपाकघर आणि माजघर सांभाळणाऱ्या बायकांना.

तेव्हा सभा, ठराव, शंकराचार्य असे सगळे सोपस्कार होते. आज जातपंचायतीने असं काही केलं तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आहे, आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायत मूठमाती अभियानाचा या कायद्यामागे मोठा हात होता. चांगला कायदा आहे. पण बहिणीला बारशाला बोलावलं नाही म्हणून भावावर खटला भरता येत नाही, आणि कुणी भरूही नये. माझ्या विषयातला बहिष्कार या जातीचा आहे. त्याचा ठराव कुठे होत नाही, त्याला पंच नसतो, आणि "आम्ही टाकलं" असं कुणी म्हणतही नाही.

मग तो दिसतो कुठे? लग्नपत्रिकेत बघा. आपल्या पत्रिकेच्या तळाशी नावांची रांग असते, निमंत्रक, आपले विनीत वगैरे. त्यात बाई येते ती "सौ. व श्री." अशी. म्हणजे आत्याचं नाव आत्या म्हणून येत नाही, काकांच्या नावाला जोडून येते. आता काकांचं नाव पेपरात आलंय. ते पत्रिकेत कसं छापणार? काका गाळले की आत्याही गळतात. आत्याला गाळायचं कुणाच्याच मनात नसतं, फक्त तिला एकटीला छापायची सोय आपल्या पत्रिकेत नाही. "नुसतं सौ. अमुक छापलं तर लोक विचारतील ना, श्री. कुठे गेले?" हा युक्तिवाद करणारा माणूस खोटं बोलत नसतो. आहेर, मानाची साडी, ओटी, भाऊबीज, सगळ्या ठिकाणी तिची जागा नवऱ्याच्या नावावरून ठरलेली असते, त्यामुळे त्याचं नाव खोडलं की तिला कुठे बसवायचं हे कुणालाच कळत नाही.

उलट बाजूने बघितलं तर हे नीट उमगतं. बायको तुरुंगात गेली तर नवऱ्याची जागा बदलत नाही, तो आपल्या घरातच, आपल्या आडनावातच असतो. लोक त्याला जेवायला बोलावतात, पोरांचं कसं चाललंय विचारतात, आणि काही दिवसांनी दुसऱ्या लग्नाचं सुचवतातही.

बरं, "निर्दोष" म्हणतात खरं, पण ते तितकंसं खरंही राहत नाही. ब्रिटिश संशोधक रेचल कॉन्ड्री हिने खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींच्या नातेवाइकांशी दीर्घकाळ बोलून २००७ मध्ये 'फॅमिलीज शेम्ड' हे पुस्तक लिहिलं. तिच्याशी बोललेल्यांत बहुतेक बाया होत्या. त्यांना दोन वेगळ्या गोष्टी सोसाव्या लागतात, असं ती दाखवते. एक, नुसत्या जवळीकीमुळे लागणारा डाग. दुसरी, प्रत्यक्ष दोषारोप. बायकोच्या बाबतीत दोषारोपाचे प्रश्न ठरलेले असतात, आणि ते आपल्याकडेही शब्दशः तसेच विचारले जातात. इतकी वर्षं एका घरात राहून तुला कळलं कसं नाही? कळलं होतं तर बोलली का नाहीस? आणि आता सगळं कळल्यावरही त्याच्याजवळ कशी राहतेस?

पहिल्या दोन प्रश्नांनी कोंडी होते. कळलं नाही म्हणावं तर मूर्ख, कळलं होतं म्हणावं तर सामील. पण खरा कस लागतो तो तिसऱ्या प्रश्नात. कारण तिथे कलंक उसना राहत नाही, तो तिने "निवडलेला" ठरतो. "आम्ही तिला घरात घ्यायला तयार होतो, पण तिलाच तो सुटत नाही" हे वाक्य माहेरच्यांना मोठा दिलासा देतं. बहिष्काराला आता एक अट चिकटते, त्याला सोड आणि ये. पुष्कळ कुटुंबांत माया आणि बहिष्कार यांच्यात एवढ्या एका अटीचं अंतर असतं.

ही अट बोलायला सोपी आहे, पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराला कैद झाली हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण नाही. विशेष विवाह कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा भोगणाऱ्या जोडीदारापासून घटस्फोट मागता येतो, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याला सात वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली तर बायकोला तो हक्क आहे. हिंदू बाईला क्रूरता, परित्याग किंवा परस्पर संमती असा दुसरा रस्ता शोधावा लागतो. कायद्याचं बाजूला ठेवू. घर त्याच्या नावावर, सासू-सासरे तिच्या जिवावर, वकिलाची फी चालू, अशात "सोड" म्हणजे काय सोडायचं?

आणि शिक्षेचं तर पुढचं झालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे. शंभरात जवळजवळ शहात्तर. आणि एकूण कैद्यांत बायका शंभरात चारच्या आसपास. म्हणजे तुरुंगाबाहेर थांबलेल्यांत बहुसंख्य बायका आणि आया आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींच्या माणसावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. कोर्टाला निकाल द्यायला पाच-सात वर्षं लागू शकतात. नात्यातला निकाल मात्र अटकेच्या बातमीचा फोटो व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर पडतो त्या संध्याकाळीच लागतो. पुढे तो निर्दोष सुटला तर त्या ग्रुपवर काय पडतं? बहुतेक वेळा काहीच नाही.

इथपर्यंत आपण नातेवाइकांचं बघितलं. आता तिच्या बाजूचं, आणि मला वाटतं संशोधनाचा खरा उपयोग इथे आहे. डोनाल्ड ब्रेमन या संशोधकाने अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातल्या कैद्यांच्या कुटुंबांत काही वर्षं काम करून २००४ साली पुस्तक लिहिलं. त्या वस्त्यांत तुरुंग ही नवलाईची गोष्ट नाही, दर दोन-चार घरांमागे कुणीतरी आत गेलेलं. तिथे लाज कमी असेल असं आपल्याला वाटतं. ब्रेमनला उलट दिसलं. बायका चर्चमध्ये सांगत नव्हत्या, कामावर सांगत नव्हत्या, सख्ख्या नात्यातसुद्धा सांगत नव्हत्या. शेजारणीचा मुलगाही आतच असायचा, पण दोघी एकमेकींशी त्याबद्दल बोलायच्या नाहीत. कुणी टाकण्याआधी त्या स्वतःच मागे सरकत होत्या. १९५०च्या दशकात अमेरिकेतच मनोरुग्णांच्या बायकांवर झालेल्या एका अभ्यासातही हेच आढळलं होतं. नवऱ्याला इस्पितळात ठेवल्यावर बऱ्याच जणींनी मैत्रिणी तोडल्या, काहींनी घरच बदललं.

याची कारणं समजायला अवघड नाहीत. फोन केला आणि समोरचा तुटक बोलला तर ते पचवणं कठीण, त्यापेक्षा फोन न करणं बरं. हळदीकुंकवाला गेलं आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या तर? त्यापेक्षा बरं नाही म्हणून कळवलेलं बरं. असं तीन-चारदा झालं की नातेवाईक प्रामाणिकपणे म्हणू शकतात, "आम्ही कुठे काय म्हणालो, तीच येत नाही." आणि तिलाही वाटतं की आपणच गेलो नाही. बहिष्कार घडलेला असतो, पण तो घालणारा कुणीच सापडत नाही.

पॉलिन मॉरिस यांचा इंग्लंडमधल्या कैद्यांच्या बायकांचा १९६५ चा अभ्यास मात्र थोडी वेगळी गोष्ट सांगतो, ती लपवून उपयोग नाही. त्यांना आढळलं की लाजेची धग मुख्यतः नवरा पहिल्यांदाच तुरुंगात गेलेल्या बायकांना लागते, तीही सुरुवातीच्या काळात. पुढे पैशाची ओढाताण आणि एकटेपणा हेच मोठे त्रास ठरतात. काहींना हे ब्रेमनच्या विरुद्ध वाटतं. मला तसं वाटत नाही. सुरुवातीच्या सहा महिन्यांत लाजेने तोडलेले दोर नंतर एकटेपणाच्या रूपाने जाणवतात, आणि तोवर लाज हे त्याचं मूळ होतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. दुरावा धरणारा प्रत्येक नातेवाईक भित्रा किंवा दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. पतसंस्था बुडवलेल्या माणसाच्या नात्यात बहुतेक वेळा त्याचे ठेवीदारही असतात. जावयाच्या शब्दावर निवृत्तीचे पैसे ठेवले आणि गेले, तो मावसा स्वतःच फसवला गेलेला आहे. त्याने तिच्याकडे हसून बघावं ही अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू? आणि घरातल्याच मुलीवर अत्याचार झाला असेल, तर आरोपीच्या बायकोपासून त्या मुलीच्या आईबापांनी दूर राहणं हा बहिष्कार नाहीच, ते मुलीचं संरक्षण आहे. अशा ठिकाणी 'उसना कलंक' ही कल्पना लावायला जाणारा संशोधक घाई करतो. माझ्या मते फरक करायचा तो इथे, की दुरावा धरणाऱ्याचं स्वतःचं काही नुकसान झालं आहे, की त्याला फक्त पुढच्या चौकशीची भीती आहे. बहुसंख्य नातेवाईक दुसऱ्या गटात असतात, पण बोलताना पहिल्या गटाची भाषा वापरतात.

आता या सगळ्याचा आत असलेल्या माणसाशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांचा मागोवा घेतला. ज्यांना तुरुंगात निदान एकदा तरी कुणी भेटायला आलं होतं, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला. इथे सावध राहायला हवं, कारण ज्याची घरची नाती मुळात चांगली त्याला भेटायला लोक येतात आणि तोच सुटल्यावरही सावरतो, असंही असू शकतं. संशोधकांनी इतर कारणं हिशेबात धरूनच हा आकडा काढला, तरी शंका पूर्ण मिटत नाही.

पण भेट होते कशी ते बघा. सोलापूर किंवा नांदेडकडच्या एखाद्या खेड्यातली बाई येरवड्याला मुलाखतीला यायची म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं, ओळखपत्रं, रांग, आणि काचेच्या किंवा जाळीच्या पलीकडे काही मिनिटं. पोरांना त्या दिवशी कुणीतरी सांभाळायला हवं. पुण्यात रात्री टेकायला कुणाचं तरी घर हवं. ही "कुणीतरी" माणसं म्हणजे तिची जाऊ, तिची बहीण, पुण्यातला चुलत दीर. आणि नेमकी हीच माणसं फोन उचलत नसतात. शिक्षा झालेल्या बाईच्या बाबतीत हा दोर आणखी लवकर तुटतो, कारण सासर आणि माहेर दोन्हीकडची दारं एकदमच बंद होतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांबरोबर आणि सुटून आलेल्यांबरोबर काम करतो आहे, आणि अशा कामात समाजकार्यकर्त्यांचा कितीतरी वेळ कैदी आणि घर यांच्यातला तुटलेला निरोप पुन्हा सुरू करण्यातच जातो.

मुलांचा विषय मी या लेखात मुद्दाम घेतलेला नाही. "बाबा गल्फला गेलेत" हे उत्तर किती वर्षं चालतं, शाळेत काय होतं, आणि मुलांना खरं कधी सांगावं यावर बरंच लिहिलं गेलं आहे, त्यातले वादही जोरदार आहेत. त्यावर पुढच्या महिन्यात लिहीन.